रस्त्याकडेच्या मातीचा इतिहास : ठाणे-बेलापूर मार्ग, पावणे परिसर आणि वाहतूकजन्य जड धातू

सारांश : ठाणे-बेलापूर मार्गावरील पावणे हे नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातील एक जुने गाव आहे. १९६० च्या दशकापासून या गावाच्या शिवारातून वाढत गेलेल्या वाहतुकीने रस्त्याकडेच्या मातीत जड धातूंची भर घातली. प्रस्तुत लेखात ही माती एक ऐतिहासिक साधन मानून तिच्या वाचनाच्या शक्यता व मर्यादा तपासल्या आहेत. पेट्रोलमधील शिशाचा जागतिक व भारतीय इतिहास, दख्खनच्या बेसाल्ट खडकातील नैसर्गिक धातू, कारखान्यांचा वाटा आणि शिसेमुक्त पेट्रोलनंतरही चालू राहिलेली टायर-ब्रेकची झीज यांचा परस्परसंबंध येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : जड धातू, शिसे, ठाणे-बेलापूर मार्ग, पावणे, पर्यावरणीय इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे, नाणी आणि प्रवासवर्णने डोळ्यांसमोर येतात. औद्योगिक काळाच्या इतिहासाला आणखी एक साधन उपलब्ध झाले आहे, ते म्हणजे माती. ज्या घडामोडींची कोणत्याही कार्यालयात नोंद झाली नाही, त्यांतील काहींची नोंद मातीने ठेवली आहे. धूर हवेत विरतो आणि सांडपाणी वाहून जाते. मातीत उतरलेला धातू मात्र विघटन पावत नाही. शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, निकेल व क्रोमियम या मूलद्रव्यांचे स्वरूप रासायनिक क्रियेने बदलू शकते, पण त्यांचे अस्तित्व नाहीसे होत नाही. विशेषतः शिसे मातीतील चिकणकण, सेंद्रिय द्रव्य व लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट धरून राहते आणि वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच दीर्घकाळ टिकते.

या दृष्टीने पाहिल्यास रस्त्याकडेची माती ही त्या रस्त्याची रोजनिशीच ठरते. तथापि प्रत्येक साधनाप्रमाणे तिचीही चिकित्सा करावी लागते. नोंद कोणाची आहे, तिच्यात भेसळ झाली आहे काय, मधली पाने गहाळ आहेत काय, हे प्रश्न दस्तऐवजाइतकेच मातीलाही विचारावे लागतात. पावणे परिसरात हे प्रश्न विशेष बिकट होतात, कारण तेथील मातीत खडक, कारखाने व वाहतूक या तिन्हींची अक्षरे एकमेकांत मिसळली आहेत. ती वेगळी कशी करावी, आणि ती वेगळी न केल्याने सार्वजनिक धोरणाचे काय नुकसान झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शेतशिवार ते औद्योगिक पट्टा

पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी यांच्यामधील अरुंद पट्टीत दिघे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, पावणे, तुर्भे ही गावे वसली होती. आगरी व कोळी समाजाच्या या वस्तीचे जीवन भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर आधारलेले होते. मुंबईहून पुण्याकडे जाणारी मुख्य वाहतूक त्या काळी ठाण्याहून मुंब्र्यामार्गे पनवेलकडे जात असे. त्यामुळे खाडीकाठची ही गावे राजधानीच्या इतक्या जवळ असूनही हमरस्त्यापासून दूर राहिली होती.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर याच पट्ट्यात ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र आकारास आले. सुमारे अडीच हजार हेक्टरांवर पसरलेल्या या क्षेत्रात पेट्रोरसायने, औषधे, रंगद्रव्ये, अभियांत्रिकी व धातुप्रक्रिया यांचे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. ‘नोसिल’ या नावाने परिचित असलेला पेट्रोरसायन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. डोंगर व खाडी यांच्यामध्ये जागा मर्यादित असल्याने कारखाने, रस्ता, गावठाण व उरलीसुरली शेते एकमेकांना खेटूनच राहिली. पावण्याच्या मातीच्या पुढील इतिहासात ही भौगोलिक दाटी निर्णायक ठरली.

पुढील टप्पे सर्वपरिचित आहेत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. १९८० व १९९० च्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. १९९७ मध्ये वाशीचा दुसरा खाडीपूल व १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल यांची भर पडली. या प्रत्येक घटनेबरोबर ठाणे-बेलापूर मार्गावरील वाहनांचा भार वाढत गेला. ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर प्रवासी वाहतूक सुरू होण्यास मात्र नोव्हेंबर २००४ उजाडला. म्हणजे औद्योगिक क्षेत्र उभे राहिल्यानंतर सुमारे चार दशके कामगारांची ने-आण आणि मालाची वाहतूक प्रामुख्याने याच रस्त्यावरून झाली. रस्त्याकडेच्या मातीवर पडलेला भार समजून घेताना हा कालावधी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पेट्रोलमधील शिसे : जगाचे ज्ञान आणि भारताचा काळ

वाहतुकीतून मातीत येणाऱ्या धातूंमध्ये शिशाचा इतिहास सर्वाधिक बोलका आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधन अवेळी पेटल्याने ठोके बसत. टेट्राइथिल लेड हे संयुग मिसळल्यास ते थांबतात, हा शोध ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी लावला. १ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे असे पेट्रोल प्रथम विक्रीस आले. त्याला ‘एथिल’ असे नाव देण्यात आले आणि नावातून शिसे वगळले गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगारांचा मृत्यू झाला. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासकांनी त्याच वेळी इशारा दिला होता. तरीही १९२५ च्या चौकशीनंतर विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात हे पेट्रोल जगभर पसरले.

शिसे केवळ कारखान्यातील कामगाराला बाधते, हा समज मोडण्यास १९६० च्या दशकात सुरुवात झाली. हेलन कॅनन व सहकाऱ्याने १९६२ मध्ये रस्त्याकडेच्या वनस्पतींमधील शिशाचा संबंध पेट्रोलशी जोडला. क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये आधुनिक माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. १९७० मध्ये लागरवर्फ व स्पेक्ट यांनी रस्त्यालगतची माती व गवत तपासून असे दाखवून दिले की कॅडमियम, निकेल, शिसे व जस्त या चारही धातूंचे प्रमाण रस्त्यापासूनच्या अंतरानुसार आणि मातीच्या खोलीनुसार घटत जाते. रस्त्याकडेच्या मातीच्या पुढील बहुतेक अभ्यासांनी हीच चौकट वापरली. नवी मुंबईचे नियोजन सुरू झाले तेही वर्ष १९७० च होते. हमरस्ता आणि वस्ती यांत अंतर ठेवण्यास शास्त्रीय आधार होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते. मात्र हे ज्ञान त्या वेळी रसायनशास्त्राच्या नियतकालिकांपुरतेच मर्यादित होते आणि नगररचनेच्या व्यवहारात ते कोठेही पोहोचले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

भारतात बदल घडला तो न्यायालयाच्या मार्गाने. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या सुनावणीत वाहनांच्या धुराचा प्रश्न ऐरणीवर आला. पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिशाची मुभा होती. १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांत ०.१५ ग्रॅम मर्यादेचे पेट्रोल आले. १ एप्रिल १९९५ पासून याच महानगरांत उत्प्रेरक परिवर्तक बसविलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेमुक्त पेट्रोल उपलब्ध झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल लागू झाले. या बदलामागे आरोग्याइतकेच यंत्रशास्त्राचेही कारण होते. परिवर्तकातील प्लॅटिनमसारख्या धातूंचा पृष्ठभाग शिशाने निकामी होतो. त्यामुळे परिवर्तक हवा असेल तर शिसे काढणे अपरिहार्य होते. जगात सर्वात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबविली.

या निर्णयाचा परिणाम मुंबईतील मुलांच्या रक्तात मोजला गेला. १९९७ च्या पाहणीत मुंबईतील ६१.८ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले होते. देशभर शिसेमुक्त पेट्रोल आल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी बारा वर्षांखालील ७५४ मुलांच्या तपासणीत हे प्रमाण ३३.२ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन पाहण्यांतील नमुने वेगळे असल्याने तुलना सावधपणे करावयास हवी. तरीही घट मोठी आहे, याबद्दल शंका उरत नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पेट्रोलमधून शिसे गेल्यावरही तिसरा हिस्सा मुलांच्या रक्तात ते त्या पातळीवर होते. रंग, जुन्या बॅटऱ्यांचे पुनर्चक्रण, भेसळयुक्त मसाले हे त्याचे इतर स्रोत आहेतच. त्यांच्याबरोबर जमिनीवर आधीच साठलेली धूळ व माती यांचाही विचार करावा लागतो.

पावण्याच्या मातीतील तीन हस्ताक्षरे

पावणे परिसरातील माती वाचताना पहिली अडचण खडकाची येते. पारसिकचे डोंगर दख्खनच्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचे आहेत. या काळ्या पाषाणात तांबे, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व जस्त निसर्गतःच बऱ्यापैकी असतात. शिसे मात्र अत्यल्प, म्हणजे किलोग्रॅममागे काही मिलिग्रॅम इतकेच असते. ग्रॅनाइटच्या प्रदेशातील माती आणि बेसाल्टची माती यांना एकच मापदंड लावला, तर वाहन एकदाही न फिरकलेले कोकणातील डोंगरउतारही ‘प्रदूषित’ ठरण्याची भीती आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील ए. के. कृष्णा व पी. के. गोविल यांनी ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्रातील मातीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षानुसार किलोग्रॅममागे तांबे ३.१ ते २७१.२, क्रोमियम १७७.९ ते १०३९, कोबाल्ट ४४.८ ते १०१.६, निकेल ६४.४ ते ५३७.८ आणि जस्त ९६.६ ते ७६३.२ मिलिग्रॅम आढळले. अभ्यासकांनी या प्रदूषणाचा संबंध प्रामुख्याने घातक कचरा अनिर्बंधपणे टाकण्याशी जोडला.

हे आकडे इतिहासाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. कोबाल्टची कमाल पातळी किमान पातळीच्या सुमारे सव्वादोन पट आहे. क्रोमियमच्या बाबतीत हे गुणोत्तर जवळजवळ सहा, तर जस्त व निकेल यांच्या बाबतीत सुमारे आठ आहे. कोबाल्ट व जस्त यांच्या किमान पातळ्या बेसाल्टमधील नैसर्गिक प्रमाणाच्या जवळ आहेत. याचा अर्थ असा की कोबाल्टचे आकडे बव्हंशी खडकाचे हस्ताक्षर आहेत, तर क्रोमियम, निकेल व जस्त यांच्या वरच्या पातळ्या माणसाने घातलेली भर दर्शवितात. तांब्याचा पल्ला खालच्या बाजूला फारच खाली जातो. औद्योगिक क्षेत्रातील सर्व माती एकाच मूळची नाही, तिच्यात भरावाची व खाडीच्या गाळाची माती मिसळली आहे, ही शक्यता त्यावरून ध्यानात येते.

दुसरे हस्ताक्षर कारखान्यांचे आहे. विद्युत्‌विलेपनातून क्रोमियम व निकेल, रंगद्रव्यांतून क्रोमियम व तांबे, गंजरोधक मुलाम्यातून जस्त असे त्याचे स्वरूप असते. कारखान्याचे प्रदूषण ठिपक्यांच्या रूपात दिसते. एका भूखंडाजवळ ते तीव्र असते आणि थोड्या अंतरावर नाहीसे होते. वाहतुकीचे प्रदूषण पट्ट्याच्या रूपात असते. रस्त्याला समांतर, दोन्ही बाजूंना, काठाशी जास्त आणि दूर जाता कमी असा त्याचा आकार असतो. पावण्यात कारखान्याची भिंत व रस्त्याची कड जवळजवळ एकच असल्याने ठिपका व पट्टा एकमेकांवर पडतात. केवळ रस्त्याकडेचे नमुने घेऊन आढळलेला सर्व धातू वाहनांच्या माथी मारणे जितके चुकीचे, तितकेच तो सर्व कारखान्यांच्या खाती टाकणेही चुकीचे ठरते.

तिसरे हस्ताक्षर वाहतुकीचे, आणि त्यातही शिशाचे. बेसाल्टमध्ये शिसे अल्प असल्याने मातीत वरून पडलेले शिसे येथे स्पष्ट उठून दिसावयास हवे. त्याचा अंदाज एका साध्या गणिताने करता येतो. दिवसाला १,००० पेट्रोल वाहने एका किलोमीटरवरून गेली, प्रत्येकाला दहा किलोमीटरला एक लिटर पेट्रोल लागले आणि त्यात कमाल मर्यादेइतके, म्हणजे ०.५६ ग्रॅम शिसे असले, तर त्या किलोमीटरवर दिवसाला ५६ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २० किलोग्रॅम शिसे जळते. त्यातील तीन चतुर्थांश धुराड्यावाटे बाहेर पडले आणि त्यातील निम्मे दोन्ही बाजूंच्या २५ मीटरच्या पट्ट्यात स्थिरावले असे मानल्यास, वरच्या पाच सेंटिमीटर मातीत दरवर्षी किलोग्रॅममागे सुमारे दोन मिलिग्रॅमची भर पडते. वीस वर्षांत ही भर चाळीस मिलिग्रॅमच्या पुढे जाते. हा आकडा उदाहरणादाखल आहे आणि गृहीतके बदलल्यास तोही बदलेल. पण मूळ खडकातील काही मिलिग्रॅमच्या तुलनेत ही नोंद किती ठळक असेल, हे त्यावरून स्पष्ट होते.

येथेच एक महत्त्वाची सुधारणा करावी लागते. टेट्राइथिल लेड पेट्रोलमध्ये मिसळले जाई, डिझेलमध्ये नव्हे. ठाणे-बेलापूर मार्गावरील अवजड वाहतूक, म्हणजे ट्रक, टँकर व बस, ही मुख्यत्वे डिझेलवर चालणारी होती. त्यामुळे दादर किंवा शीव येथील मोटारी-टॅक्सींनी गजबजलेल्या रस्त्याच्या तुलनेत, एकूण वाहने तितकीच असली तरी, पावण्याच्या रस्त्यावर पेट्रोलमधील शिशाचा वाटा कमी असण्याची शक्यता अधिक आहे. वाहनांची संख्या व शिसे यांचे सरळ समीकरण मांडणारे अभ्यास या ठिकाणी फसू शकतात.

शिशानंतरचे धातू

२००० नंतर धुराड्यातील शिसे थांबले आणि वाहतुकीतून येणाऱ्या जड धातूंचा प्रश्न मिटला, असा समज सार्वजनिक चर्चेत रूढ झाला. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेमुळे नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीने मुंबईच्या वाहनप्रदूषणाचा विचार केला, तेव्हाही चर्चेचा केंद्रबिंदू इंधन, धूर व जुन्या टॅक्सी हाच होता. पुढे भारत स्टेजच्या मानकांनी धुराड्याला क्रमाने शिस्त लावली. एप्रिल २०२० पासून देशभर सहावा टप्पा लागू झाला.

परंतु अवजड वाहनाची झीज धुराड्यातून होत नाही. टायरच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले असते आणि टायरच्या झिजणाऱ्या भागात जस्ताचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. ब्रेकच्या अस्तरात तांबे व अँटिमनी यांची संयुगे वापरली जातात. वंगण तेलातून जस्त, बेअरिंग व गंजलेल्या सांगाड्यातून लोह, निकेल व क्रोमियम रस्त्यावर येतात. चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेले शिशाचे तुकडे निखळून चाकांखाली भरडले जातात. युरोपीय संघाने २००० च्या निर्देशानुसार ते मोटारींतून हद्दपार केले. भार जितका जास्त, उतार जितका तीव्र आणि थांबणे-निघणे जितके वारंवार, तितकी ही झीज अधिक. कारखान्यांच्या फाटकांशी वळणारे व सिग्नलला थबकणारे मालट्रक हेच पावण्याच्या रस्त्याचे वैशिष्ट्य असल्याने, शिशाच्या बाबतीत तुलनेने सुदैवी ठरलेला हा रस्ता जस्त व तांब्याच्या बाबतीत मात्र दुर्दैवी ठरण्याची शक्यता आहे.

या झिजेवर जगातही उशिराच लक्ष गेले. अमेरिकेत वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये ब्रेकमधील तांबे कमी करण्याचे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘युरो ७’ मानकांत ब्रेकच्या कणांचा व टायरच्या झिजेचा प्रथमच समावेश केला. विजेवरील वाहनांमुळे धुराडे नाहीसे होईल, पण टायर राहतीलच. म्हणजे रस्त्याकडेच्या मातीचा प्रश्न इंधनाबरोबर संपणारा नाही.

पावसाळा, मुरूम आणि हरवलेली पाने

या दस्तऐवजाची पाने शाबूत आहेत काय, हा शेवटचा चिकित्सक प्रश्न होय. कोकणपट्टीतील मुसळधार पाऊस दरवर्षी रस्त्यावरील धूळ गटारांत, तेथून नाल्यांत आणि नाल्यांतून ठाणे खाडीत नेतो. त्याहून मोठी उलथापालथ माणसाने केली आहे. महानगरपालिकेच्या काळात या मार्गाचे रुंदीकरण व काँक्रिटीकरण झाले, जलवाहिन्या व केबलींसाठी कडेची जमीन वारंवार खोदली गेली आणि भराव म्हणून डोंगरातील मुरूम टाकला गेला. तुर्भे-पावणे पट्ट्यातील दगडखाणींचा दगड व मुरूम याच शहराच्या उभारणीत गेला. त्यामुळे आज रस्त्याकडेला दिसणारी माती अनेक ठिकाणी १९८० ची नसून कालपरवा टाकलेला भराव असते. तिच्यात शिसे कमी आढळले म्हणून रस्ता शुद्ध होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. धातूयुक्त जुनी माती डंपरमधून उचलून दुसरीकडे नेली गेली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ती कोठे नेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सखल भूखंड, खाजण व बांधकामाचा पाया ही अशा मातीची नेहमीची ठिकाणे होत.

याउलट खाडीकाठच्या कांदळवनातील गाळ वर्षानुवर्षे थरावर थर साचत जातो. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने अशा थरांचे वय ठरविण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि शिशाच्या स्थिर समस्थानिकांच्या गुणोत्तरांवरून पेट्रोलमधील शिसे व इतर शिसे यांत भेद करण्यास मदत होते. रस्त्याकडेची हरवलेली पाने कदाचित खाडीच्या गाळात सुरक्षित असतील. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिच्या गाळाचा अभ्यास म्हणूनच पक्ष्यांबरोबर रस्त्याच्या इतिहासासाठीही मोलाचा ठरतो.

कायद्यातील माती

भारतात पाण्यासाठी १९७४ चा व हवेसाठी १९८१ चा कायदा झाला. मातीसाठी असा स्वतंत्र कायदा झाला नाही. राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत शिशाला १९९४ पासून स्थान आहे आणि २००९ च्या सुधारणेनुसार त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेच शिसे हवेतून खाली उतरून मातीत मिसळले की त्या मोजमापाच्या कक्षेबाहेर जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात नवी मुंबईचे औद्योगिक क्षेत्र ‘अत्यंत प्रदूषित’ गटात आले. तो निर्देशांक हवा, पाणी व जमीन या घटकांवर आधारलेला होता.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. मातीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे पाऊल आहे. मात्र या नियमांची रचना ‘स्थळ’ व ‘जबाबदार व्यक्ती’ या दोन कल्पनांवर उभी आहे. कारखान्याचा भूखंड या व्याख्येत बसतो. किलोमीटरगणिक पसरलेला आणि लक्षावधी वाहनचालकांनी थोडा-थोडा दूषित केलेला रस्त्याचा काठ तीत सहजी बसत नाही. ठिपक्यासाठी कायदा झाला, पट्ट्यासाठी अद्याप व्हावयाचा आहे.

दरम्यान या पट्ट्याचा वापर थांबलेला नाही. नवी मुंबईत रेल्वेमार्गालगत व नाल्याकाठी पालेभाज्या पिकविल्या जातात. रस्त्याच्या कडेला मुले खेळतात, फेरीवाले अन्न विकतात, गॅरेजमधील कामगार दिवसभर धुळीत काम करतात. लहान मुलांच्या शरीरात शिसे शिरण्याचा एक प्रमुख मार्ग मातीने माखलेला हात तोंडात जाणे हा आहे. मुलांसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असे आजचे वैद्यकीय मत आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दखलपात्र पातळी १९९१ मधील १० मायक्रोग्रॅमवरून २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. म्हणजे मुंबईतील ज्या मुलांना २००० च्या दशकात १० च्या कसोटीवर निर्धोक मानले गेले, त्यांतील अनेकजण आजच्या कसोटीवर बाधित ठरतील.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पावणे परिसरातील मातीतील धातूंचे एकूण प्रमाण हे वाहतुकीच्या प्रदूषणाचे थेट माप मानता येत नाही. बेसाल्टची नैसर्गिक पातळी वजा केल्याविना आणि कारखान्यांचे ठिपके वेगळे केल्याविना काढलेले निष्कर्ष अपुरे राहतात. दुसरा, या प्रदेशात वाहतुकीची सर्वात विश्वसनीय खूण शिसे हीच असली, तरी डिझेलच्या अवजड वाहतुकीमुळे जस्त, तांबे व अँटिमनी यांचाही शोध घेणे आवश्यक आहे. तिसरा, २००० चा शिसेमुक्त पेट्रोलचा निर्णय यशस्वी ठरला, परंतु त्याने नवी भर थांबविली. जुना साठा त्याने काढला नाही. हवेतील यश हे मातीतील यश समजले गेल्यामुळे पुढील पाव शतक या मातीकडे दुर्लक्ष झाले.

चौथा निष्कर्ष व्यवहाराशी निगडित आहे. रस्त्याच्या प्रत्येक नव्या खोदकामाबरोबर हा दस्तऐवज नष्ट होत आहे व त्यातील विष दुसरीकडे पोहोचत आहे. काम सुरू करण्यापूर्वी कडेच्या मातीचे वेगवेगळ्या खोलीवरील नमुने घेणे, उचललेली माती कोठे टाकली याची नोंद ठेवणे, आणि शाळा, अंगणवाडी व भाजीचे मळे यांजवळ तिचा भराव न करणे, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महाविद्यालयांचे रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास हे विभाग एकत्र येऊन दर पाच वर्षांनी ठराविक ठिकाणच्या मातीची तपासणी करू शकतील. अशी सलग नोंद झाल्यास पुढील अभ्यासकाला अनुमानांवर विसंबून राहावे लागणार नाही आणि पावण्याच्या ग्रामस्थांना आपल्या दाराशी असलेल्या मातीविषयी विचारण्याजोगा आधार मिळेल.